मला कुठे दिसतेय अरुंधती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. समीरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला नाही. माझ्या आईला नाही. ऑफिसच्या कँटीनमध्ये जिच्याबरोबर मी रोज जगातल्या समस्त सासवांची उजळणी करते, त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही समोर बसलेले नाही आहात. तुमचा चेहरा बघत हे सांगावं लागणार नाही — एवढीच माझी हिंमत.

सुरुवात कुठून करू? ताऱ्यांपासून करते, ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

सप्तर्षी तुम्हाला ठाऊक असतील. चार ताऱ्यांचा चौकोन आणि तीन ताऱ्यांची शेपटी. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ. त्याच्याकडे नीट बघितलंत, तर त्याला अगदी बिलगून एक बारीक तारा दिसतो — ती अरुंधती. लग्नात नवऱ्या मुलाने नवरीला ही जोडी दाखवायची आणि तिने 'दिसली' म्हणायचं, अशी आपल्याकडे पद्धत. आमचा मुहूर्त भरदुपारचा होता. गुरुजींनी कार्यालयाच्या छताकडे, एसीच्या जाळीच्या जरा डावीकडे बोट केलं, समीरनेही तिकडेच केलं, आणि मी मान वर करून गंभीरपणे 'दिसली' म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. तेव्हा वाटलं होतं, या ताऱ्याशी आपलं खोटं बोलणं तेवढंच.

माझ्या सासूबाईंना मात्र तिची थट्टा चालत नसे. मी त्यांना 'अहो आई' म्हणते, एका दमात, जणू ते त्यांचं नावच आहे. त्यांचं लग्न वाईला, फाल्गुनातलं, रात्रीच्या मुहूर्ताचं. बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्यांना मांडवाबाहेर नेऊन खरीखुरी अरुंधती दाखवली होती. पुढे दरवर्षी त्या तिथीला दोघं गच्चीत जायचे. बाबा विचारायचे, "दिसते ना?" आणि या म्हणायच्या, "दिसते." मग खाली येऊन श्रीखंड. लग्नाचा वाढदिवस साजरा करायची त्यांची रीत एवढीच, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा हेवा वाटायचा.

पण त्या विचारण्यामागे आणखी एक गोष्ट होती. जुन्या माणसांचा एक समज आहे — ज्याला अरुंधती दिसेनाशी होते, त्याचे सहाच महिने उरलेले असतात. बाबा इंजिनियर, ते यावर खदखदून हसायचे. एका फाल्गुनात त्यांनाच ती दिसली नाही. ते तेव्हाही हसले, म्हणाले, चष्मा बदलायला झालाय. त्याच वर्षी गणपतींच्या आधी ते गेले. हृदयविकार होता, डोळ्यांचा काही संबंध नव्हता. अहो आईंनाही ते कळत होतं. पण कळणं वेगळं आणि गच्चीत एकटीने मान वर करणं वेगळं, नाही का?

आम्ही जर्मनीत, वाल्डॉर्फजवळच्या एका छोट्या गावात राहतो. इथे राहणारे बरेचसे आपले लोक करतात तेच मी करते, सॉफ्टवेअर. माझं काम टेस्टिंगचं, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधून त्यांच्यापुढे ठेवायच्या. स्वभावाला शोभणारं काम, असं समीर म्हणतो. इरा झाली, माझी रजा संपली, आणि मी नव्या कंपनीत रुजू झाले. इथे नव्या नोकरीचे पहिले महिने 'प्रोबेत्साइट' म्हणतात — तुम्हाला त्या काळात कारण न सांगता घरी पाठवता येतं. इराला सांभाळायला एक टागेसमुटर मिळाली होती, आपल्या घरी चार-पाच मुलं सांभाळणारी बाई. पण तिच्याकडे जागा ईस्टरनंतर होणार होती. मधल्या काळाचं काय? अहो आई म्हणाल्या, "मी येते की." तीन महिन्यांच्या व्हिसावर त्या एकट्या विमानात बसून आल्या, बॅगेत मेतकूट, डिंकाचे लाडू आणि इरासाठी जुन्या लुगड्याची दुपटी.

आमच्या फ्लॅटची बाल्कनी उत्तरेकडे आहे. इथल्या लोकांना दक्षिणेची हवी असते, उन्हासाठी. आमच्या वाट्याला ती उरलेली आली. अहो आईंना मात्र ती बेहद्द आवडली. समोर शेतं, पलीकडे जंगल, दिवे लांब. पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "इथलं आकाश कसं धुतल्यासारखं आहे गं." आणि मग लहान मुलीसारख्या आश्चर्याने, "सप्तर्षी इथे मावळतच नाहीत?" मी समजावून सांगितलं, इतक्या उत्तरेला ते बाराही महिने क्षितिजाच्या वरच असतात. त्यांना ते फार भावलं. फोनवर त्यांनी ते सगळ्या नातेवाइकांना सांगितलं.

फाल्गुनातली त्यांची तिथी आली. समीर कामासाठी बॉनला गेला होता, दर आठवड्याला जायचा. संध्याकाळी इराला खिचडी भरवून मी कडेवर घेतलं होतं. अहो आईंनी बांधणीची साडी नेसली, वर माझं जाडजूड जॅकेट चढवलं, आणि आम्ही तिघी बाल्कनीत गेलो. थंडी होती. ईशान्येला सप्तर्षी चांगले वर आले होते, इतके ठळक की हात लावावा. त्या कठड्याला धरून बघत राहिल्या. मग मान जरा तिरपी केली. मग जराशी दुसरीकडे. चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला.

"अनघा, तुला दिसते का गं?"

त्यांचा आवाज — मी तो आवाज कसा सांगू? पुणे महापालिकेच्या शाळेत तीस मुलांना एका नजरेत गप्प करणारी बाई होती ती. मला त्या आवाजाची भीती वाटली.

मी वर बघितलं. अरुंधती दिसत होती.

"मला कुठे दिसतेय, अहो आई!" मी म्हणाले. "इथे उजेड फार असतो. इथून कुणालाच दिसत नाही."

त्यांनी आकाशावरची नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं. माझं मनगट घट्ट धरलं. मग म्हणाल्या, "आत चला, पोरीला गारठा बाधेल." आम्ही आत आलो, श्रीखंड खाल्लं, आणि मला वाटलं, सुटल्या बिचाऱ्या. किती छान निभावून नेलं मी. स्वतःची पाठसुद्धा थोपटून घेतली.

इथे थांबले असते तर तुम्ही म्हणाला असता, अगं, यात काय एवढं? म्हाताऱ्या माणसाच्या मनाला बरं वाटावं म्हणून बोललीस. असं खोटं आपण सगळेच बोलतो. मीही कितीतरी वर्षं स्वतःला हेच सांगितलं. पण हे अर्धंच आहे.

त्यानंतरचे दिवस आधी सांगते. अहो आईंनी त्या दिवसांत माझे जे लाड केले, तसे माझ्या आईनेही केले नसतील. सकाळी माझ्या आधी उठून त्या भाकरीवर तुपाचा गोळा ठेवायच्या. रविवारी मला समोर बसवून डोक्याला तेल लावायच्या. माझ्या डब्यात रोज गाजर — कोशिंबीर, पराठा, कधी नुसते तुकडे. मी कंटाळून म्हणाले, "अहो आई, मी काय ससा आहे?" त्या हसल्या नाहीत. "डोळ्यांना चांगलं असतं," एवढंच म्हणाल्या. रस्त्यावर बर्फ असलं की बस स्टॉपपर्यंत माझ्याबरोबर यायचा हट्ट. आणि चहातली साखर त्यांनी एकदम बंद केली. दोन चमचे घेणारी बाई! मी चेष्टेने म्हणाले, जर्मनीत येऊन डाएट सुरू केलंत वाटतं. मला ते सगळं फार सुखाचं वाटलं. सासूचं माझ्यावर अचानक एवढं प्रेम का, असा प्रश्न टेस्टरला पडायला हवा होता. नाही पडला.

आता उरलेलं अर्धं.

मला माहीत होतं.

बाल्कनीतल्या संध्याकाळच्या आधीपासून माहीत होतं. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, तो परत गेल्यावर काढायचं ठरलं होतं. डावा चांगला. सगळी भिस्त त्याच्यावर. आणि काही दिवसांपासून त्या कपाच्या बाजूला चहा ओतत होत्या. खिडकीची चौकट मधेच वाकलीये का, म्हणून विचारत होत्या. इराच्या झबल्याचं बटण लावताना बोटांनी चाचपत होत्या. एकदा इराला आंघोळ घालताना मी सहज — नाही, सहज नाही, माझ्या धंद्याच्या सवयीने — त्यांना उजवा डोळा झाकून भिंतीच्या फरश्यांकडे बघायला सांगितलं. त्या हसून म्हणाल्या, "अगं, मधल्या फरश्या कुणीतरी चिमटीत धरून ओढल्यासारख्या दिसतात." रेघा वाकड्या, आणि मधोमध एक मळकट डाग.

त्या इराला निजवायला गेल्या आणि मी फोनवर शोधलं. पहिल्याच पानावर होतं. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा आजार असू शकतो, ताबडतोब दाखवा, लवकर इंजेक्शनं सुरू झाली तर नजर वाचते, गेलेली परत येत नाही. स्पष्ट, साध्या भाषेत. न समजण्यासारखं त्यात काहीही नव्हतं.

मी फोन बंद केला आणि टब पुसायला घेतला.

का? तुम्ही विचारणारच. कारण समीरला कळलं असतं, तर त्याने दुसऱ्या दिवशी सगळं टाकून त्यांना हायडेलबर्गला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं असतं, नाहीतर मिळेल त्या विमानाने पुण्याला. कसंही झालं असतं तरी इराला बघायला कुणी उरलं नसतं. मला नव्या नोकरीत सुट्टी मागावी लागली असती, आणि त्याच आठवड्यात मला एक मोठं काम पहिल्यांदाच स्वतंत्रपणे मिळालं होतं. घरात बसून बसून मी वेडी व्हायची वेळ आली होती. त्या ऑफिसच्या दारातून आत शिरताना मला परत माणूस झाल्यासारखं वाटायचं. ते मला सोडवेना. ईस्टरपर्यंत, मी मनाशी म्हटलं. ईस्टरपर्यंतच तर प्रश्न आहे. पुण्याला गेल्यावर मोतीबिंदूसाठी डॉक्टर बघणारच आहेत, तेव्हा कळेल.

हे कारण आहे, सबब नाही. मी काही कुठल्या आजारी मुलीला वाचवत नव्हते. मी माझं काम वाचवत होते, आणि त्यासाठी एका बाईचा डोळा मी पुढे ढकलला. रोज दुसऱ्यांच्या चुका लाल अक्षरांत नोंदवणारी मी, ही एक चूक बघितली आणि तशीच बंद करून टाकली. बाल्कनीत त्यांनी विचारलं तेव्हा अरुंधती त्यांना का दिसत नाही हे जगात एकट्या मला ठाऊक होतं. 'दिसते' म्हटलं असतं तर त्या घाबरल्या असत्या, समीरला फोन केला असता, डोळ्यांची गोष्ट निघाली असती. म्हणून 'नाही' म्हणाले. त्यांच्या मनाला बरं वाटावं म्हणून नाही.

ईस्टर झाल्याझाल्या त्या परत गेल्या. विमानतळावर मला जवळ घेऊन इतक्या रडल्या की समीर गोंधळला. "जपून राहा," परत परत म्हणाल्या. "काही वाटलं तर लगेच कळव." आणि मी? मी माझ्या मनाशी ठरवलं होतं, गेल्याबरोबर डॉक्टरकडे जा म्हणून सांगायचं. एकदा सांगितलंही — "मोतीबिंदूचं काय झालं?" असं, वरवर. त्या म्हणाल्या, "बघू, घाई नाही." आणि मी सोडून दिलं. मोकळी झाले म्हणा ना.

त्या डॉक्टरकडे गेल्या तेव्हा दिवाळी जवळ आली होती. तेही स्वतःहून नाही, शेजारच्या ताईंच्या मुलीला जिन्यात ओळखलं नाही म्हणून ताई घेऊन गेल्या. डॉक्टरांनी समीरला फोनवर सांगितलं, मी शेजारी उभी होते. डाव्या डोळ्याचा मधला भाग कायमचा गेला आहे. सुरुवातीला आणलं असतंत तर बरंच वाचलं असतं. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का?

समीर म्हणाला, "नाही हो, कुणाच्याच नाही."

फोन ठेवून तो रडला. जर्मनीला आपण आईला राबवून घेतलं आणि तिच्याकडे बघितलंही नाही, असं म्हणत राहिला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. लक्षात येतंय ना तुमच्या — मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते.

पुढे उजव्या डोळ्यालाही तेच झालं, पण या वेळी सगळे जागे होते. इंजेक्शनांनी त्यातलं थोडं राहिलं. आता अहो आई माणसाचा चेहरा बघायचा असला की त्याच्या कानाकडे बघतात. नजरेच्या मधोमध काही नाही, कडेने दिसतं, म्हणून. व्हिडिओ कॉलवर इराला हे फार गमतीचं वाटतं. आजी माझ्याशी बोलते पण बघते भिंतीकडे, म्हणते. माझ्याकडेही त्या तशाच बघतात — कानाकडे. त्यांनी माझ्या डोळ्यांत सरळ बघितल्याला किती वर्षं झाली. खरं सांगू? मला ते सोयीचं पडतं.

इरा आता तिसरीत आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये; आजीशी बोलताना मात्र मोडकंतोडकं मराठी मिसळते. या वर्षी शाळेने मुलांना एका दुर्बिणीवर आकाश दाखवायला नेलं. तिथे तिला कळलं की नुसत्या डोळ्यांना एक दिसणारा तो वसिष्ठ दुर्बिणीतून स्वतःच दोन तारे आहे, एकमेकांभोवती फिरणारे. घरी आल्या आल्या तिने ही बातमी आजीला द्यायला फोन लावला. पुण्यात रात्र झाली होती, पण आजीला नातीचा फोन कधीही चालतो. मी स्वयंपाकघरात पोळ्या करत होते. आवाज येत होता.

अहो आईंनी सगळं कौतुकाने ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आणि त्याच्या शेजारची बारकी? ती दिसली का तुला?"

"या, गांत्स क्लार!" म्हणाली इरा. म्हणजे हो, अगदी स्वच्छ.

"देव पावला. तुझ्या आईला विचार बाई, तिला आता दिसते का. तू एवढीशी होतीस, त्या वर्षी तुमच्या बाल्कनीतून तिला दिसली नव्हती. मलाही नव्हती दिसली, पण माझं काय — माझा मोतीबिंदू होता, मला कारण होतं. तुझ्या आईचे डोळे तर धडधाकट, आणि तिथे उजेड तरी कुठला! तुझ्या आजोबांना दिसली नाही आणि काय झालं ते मी बघितलं होतं. जीव थाऱ्यावर नव्हता गं माझा. सहा महिने साखर सोडली होती मी तिच्यासाठी. डोळ्यापुढचा डाग वाढत होता तोसुद्धा बोलले नाही कुणाला. म्हटलं, तिच्यावर असं सावट असताना मी कुठे माझं रडगाणं लावू? पार पडले ते महिने, आणि मग ताई म्हणाल्या तशी गेले डॉक्टरकडे."

तव्यावरची पोळी काळी झाली. मी ती उलटली नाही.

इरा फोन घेऊन आत आली. "ममा, आजी म्हणते दू मुस्ट त्सुम आउगेनआर्त्स्ट." तुला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला हवं. आणि तिने फोन माझ्या हातात दिला.

पडद्यावर अहो आई. माझ्या कानाकडे बघत होत्या. जळक्या पोळीच्या धुराने माझ्या डोळ्यांत पाणी आलं असेल असं त्यांना वाटलं असेल, किंवा दिसलंही नसेल.

"दिसते ना गं आता?"

आता तरी सांगता आलं असतं. त्याहून चांगली वेळ कुठली होती? त्यांनी स्वतःच्या तोंडाने दार उघडून दिलं होतं. इरा समोर उभी होती. समीर बाहेरच्या खोलीत होता.

"दिसते, अहो आई."

"मग झालं," त्या म्हणाल्या, आणि खरोखरीच समाधानाने हसल्या. जरा वेळाने म्हणाल्या, चहाचं म्हणशील तर ती सवय काही परत लागली नाही, अजून बिनसाखरेचाच घेते.

फोन ठेवल्यावर मी बाल्कनीत गेले. आकाश मोकळं होतं. मधला तारा आणि त्याला बिलगून ती.

त्या संध्याकाळीही अशीच दिसत होती.